वाकडे कॉलम, शून्य बल आणि न विचारलेला प्रश्न

प्रश्न : मी निफाडची. सिव्हिल इंजिनिअरिंग करून दीड वर्षापासून नाशिकमध्ये एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे काम करते. आमच्याकडे अंबडच्या एका प्रशिक्षण केंद्राचं काम आलंय. हॉलच्या दोन्ही बाजूंचे कॉलम वर जाताना बाहेरच्या अंगाला १५ अंशांनी झुकलेले आहेत. इमारतींचा हिशेब करणाऱ्या ईटॅब्स या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल मीच केलं. समोरासमोरच्या कॉलमना छपराच्या पातळीवर जोडणाऱ्या बीममध्ये अक्षीय बल, म्हणजे लांबीच्या दिशेचा ताण किंवा दाब, शून्य दिसतंय. मला ते पटत नाही, पण तीन आठवडे झाले तरी सरांना विचारलेलं नाही. मीटिंगमध्ये दहा-पंधरा माणसं असली की माझं तोंडच उघडत नाही. शाळेपासून अशीच आहे. अशा वेगळ्या आकाराच्या इमारतींचं काम शिकायची फार इच्छा आहे. हा स्वभाव घेऊन ते जमेल का?

उत्तर : वयाने माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो. आधी बीमचं बोलू. स्वभाव कुठे पळून जात नाही, स्लॅब भरायची तारीख मात्र जवळ येत असेल.

तुझी शंका बरोबर आहे. बाहेर झुकलेला कॉलम वरचं वजन घेतो तेव्हा स्वतःच्या डोक्याला बाहेर ढकलतो आणि पायाला आत. समज, एका कॉलमवर ८० टन आहेत. १५ अंशांचा टॅन ०.२६८, म्हणजे माथ्याशी साधारण २१ टनांचा आडवा रेटा. समोरचा कॉलम तेवढ्याच रेट्याने उलट दिशेला बाहेर जाऊ बघतो. या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवणारा बीम त्या २१ टनांनी ताणला जाणारच. खाली नेमकं उलट होतं, दोन्ही फुटिंग, म्हणजे कॉलमचे पाये, आत सरकू बघतात आणि त्यांना जोडणारा प्लिंथ बीम दाबला जातो. दाब काँक्रीटला मानवतो, ताण मानवत नाही. म्हणून वरच्या बीममध्ये हा ताण फक्त सळयांनी घ्यायचा. २१ टनांना दीडपट करून ५०० ग्रेडच्या स्टीलवर हिशेब केलास तर साडेसातशे चौरस मिलिमीटरच्या आसपास लोखंड येतं, म्हणजे १६ एमएमच्या चार सळया. बीम वजनाने वाकतो त्या बाकासाठीचं स्टील वेगळं, हे त्याच्या वर. आकडे तुझ्या कामाचे घाल, पद्धत हीच. दोन समोरासमोरच्या कॉलमवरचं वजन सारखं नसेल तर रेट्यातला फरक उरतो. तो कुठल्या भिंतीत किंवा फ्रेममध्ये जातो तेही शोध.

मग मॉडेल शून्य का दाखवतं? मजल्याला रिजिड डायफ्राम दिला असशील. त्याचा अर्थ, या पातळीवरचे सगळे बिंदू आडव्या दिशेला एकमेकांपासून हलणार नाहीत असं आपणच सॉफ्टवेअरला सांगून ठेवलं. बीमची दोन टोकं दूर जाऊच शकत नसतील तर बीम ताणणार कसा, आणि ताणलाच नाही तर बल येणार कुठून? भूकंपाच्या हिशेबासाठी सरळ इमारतीत ही सवय चालून जाते. झुकलेले कॉलम, ट्रस, कमानी आल्या की हीच सवय घात करते. डायफ्राम सेमी-रिजिड, म्हणजे थोडा ताणू देणारा, कर, किंवा त्या पातळीवरचा काढून टाकून एकदा चालवून बघ. आकडा लगेच उगवेल. त्यानंतर हाताने केलेल्या हिशेबाशी ताडून बघ, स्लॅबही थोडा ताण उचलेल.

एक बारकावा राहतो, सळयांचे जोड. सरळ ताणातल्या सळईची लॅप, म्हणजे जोडताना दोन सळया शेजारी-शेजारी ठेवायची लांबी, बाकातल्या लॅपपेक्षा मोठी लागते. काँक्रीटच्या आयएस ४५६ या कोडप्रमाणे डेव्हलपमेंट लेंग्थच्या, म्हणजे काँक्रीटने सळईला पक्कं धरायला लागणाऱ्या लांबीच्या, दुप्पट किंवा व्यासाच्या ३० पट, यातलं जे जास्त असेल ते. सगळ्या सळया एकाच ठिकाणी जोडायच्या नाहीत. फिटर सवयीने नेहमीची लॅप ठेवेल आणि एका रेषेत ठेवेल. त्याचा दोष नाही, ड्रॉईंगवर लिहिलेलं नसतं.

आता बघ, तू तीन आठवडे पोटात ठेवलेला प्रश्न हा त्या इमारतीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निघाला. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तेहतीस-चौतीस वर्षं हे काम केल्यावर माझं असं मत झालंय की वेगळ्या आकाराची इमारत म्हणजे कुणीतरी वेळेवर विचारलेल्या प्रश्नांचा ढीग असतो. चौकोनी इमारतीत कोड, सवय आणि मिस्त्रीचा अनुभव तुला सांभाळून घेतात. आकार बदलला की हे तिघेही थोडे थोडे गप्प होतात, आणि मग कुणीतरी बोलावंच लागतं.

मी स्वतः बोललो नव्हतो. १९९१ साल, नोकरीला लागून आठ महिने झालेले. गंगापूर रोडला एका बंगल्याचं काम होतं, पोर्चचा स्लॅब भिंतीतून दोन मीटर नुसता पुढे आलेला. अशा स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून मुख्य सळया वर. सकाळी जाऊन बघतो तर सळयांखाली चेअर, म्हणजे त्यांना उचलून धरणारे सळईचे आधार, नव्हत्याच. माणसं जाळीवरून ये-जा करत होती आणि वरची जाळी तुडवून पार शटरिंगच्या फळ्यांना टेकलेली. मला दिसलं. शेजारी कंत्राटदार उभे होते, माझ्या वडिलांच्या वयाचे, शे-दीडशे बंगले बांधलेले. मनात म्हटलं, यांना दिसत नसेल का? आपणच काहीतरी चुकीचं समजलो असू. मिक्सर सुरू झाला. कुणीतरी चहा दिला. मी चहा प्यालो.

पंधरा दिवसांनी टेकू काढले तेव्हा टोक दोन इंच खाली आलं आणि भिंतीलगत वरच्या अंगाला आडवी भेग पडली, बोटाचं नख जाईल एवढी. कुणाला लागलं नाही. तो पोर्च घणाने फोडताना मी शेवटपर्यंत तिथे उभा होतो, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्या कंत्राटदारांनी नंतर मला विचारलं, ‘तुला दिसलं होतं का रे?’ मी ‘हो’ म्हणालो. ते इतकंच म्हणाले, ‘मग बोलायचंस की. माझा चष्मा घरी राहिला होता.’

हा चष्मा मी विसरलेलो नाही. समोरच्याला सगळं दिसत असणार, हा लाजाळू माणसाचा लाडका समज असतो. समोरचा तेव्हा सिमेंटच्या गाडीचा, मजुरीचा, घरच्या लग्नाचा विचार करत असतो.

आता तुझ्या इच्छेकडे येतो, म्हणजे वेगळ्या इमारती उभ्या राहतात कशा. सुरुवात तुमच्या घराच्या दारापासून कर. दसऱ्याला तोरण बांधतो ना, आंब्याच्या पानांचं? दोन खिळ्यांच्या मध्ये दोरा आपोआप एका झोकात लोंबतो. दोऱ्यात फक्त ताण असतो, कारण दोरा दुसरं काही जाणतच नाही. तोच झोक गोठवून उलटा केला तर त्यात फक्त दाब राहतो, आणि ती झाली उत्तम कमान. ही गोष्ट इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७५ मध्ये मांडली. पुढे स्पेनचा आर्किटेक्ट गावदी याने बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी दोऱ्यांना छोट्या पिशव्या टांगून अख्ख्या इमारतीचं उलटं मॉडेल केलं आणि त्यावरून आकार ठरवला. तोरणाच्या मधोमध एक नारळ बांधून बघ. झोक बदलतो, कोन पडतो. म्हणजे वजन बदललं की योग्य आकारही बदलतो. खिळा हाताने धरून बघ, दोरा त्याला आत ओढतो. कमान उलटी असल्याने ती टेकूंना बाहेर रेटते. तुझ्या २१ टनांचा हा सख्खा भाऊ.

मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर देत नाही, दोरा देतो. काही जण नाराज होतात.

आकार सुंदर असून भागत नाही, तो बांधता यायला हवा. सिडनीचं ऑपेरा हाऊस घे. १९५७ च्या स्पर्धेत आर्किटेक्ट उट्झन यांचं चित्र निवडलं गेलं तेव्हा त्याच्या शिडांसारख्या छपरांना निश्चित भूमिती नव्हती, हाताने काढलेल्या वळणदार रेषा होत्या. इंजिनिअर अरुप यांच्या कार्यालयाने पॅराबोला, लंबवर्तुळ असे आकार वर्षानुवर्षं तपासले. प्रत्येक तुकड्याला वेगळा साचा लागणार, हीच अडचण पुन्हा पुन्हा आडवी येई. शेवटी सगळी शिडं सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे मानायची, यावर गाडं सुटलं. एकाच गोलाचे तुकडे म्हणजे सगळीकडे तीच वक्रता, म्हणजे तेच साचे पुन्हा पुन्हा वापरता येतात. पण दरम्यान १९५९ मध्ये खालच्या चौथऱ्याचं काम सुरू करून टाकलं होतं, आणि शिडांचं वजन नक्की झाल्यावर तिथलं काही काम मोडून नव्याने मजबूत करावं लागलं. उद्घाटन १९७३ ला झालं. ‘वरचं ठरलेलं नाही, मग खालचं कशाच्या हिशेबावर सुरू करतोय?’ हा प्रश्न इंजिनिअरांना सुचला नसेल असं नाही. घाई करणाऱ्यांपुढे तो टिकला नाही, इतकंच.

शटरिंगचा खर्च वाचवण्यात माझा आवडता माणूस मेक्सिकोचा फेलिक्स कांदेला. त्याचं छप्पर घोड्याच्या खोगिरासारखं दिसतं, पण त्या पृष्ठभागावर दोन दिशांनी सरळ रेषा मारता येतात. म्हणजे साध्या सरळ फळ्यांवर वक्र छप्पर ओतता येतं. झोचिमिल्कोच्या उपाहारगृहाचं त्याचं छप्पर बहुतेक ठिकाणी अवघं ४ सेंटीमीटर जाड आहे, १९५८ सालचं. पातळ पत्रा जसा वाकवल्यावर ताठ होतो, तसा आकारच जाडीचं काम करतो. सावरगावकडच्या एका वायनरीसाठी आम्ही असंच छोटं छप्पर केलं. सुताराला वक्राचं ड्रॉईंग दाखवलं तर तो घाबरला. दोन काठ्यांना तिरक्या सुतळ्या बांधून दाखवल्या तर म्हणाला, ‘हे होय, हे तर खाटेसारखंच आहे की.’

दिल्लीचं कमळ मंदिर पाहिलं असशील. तिथल्या पाकळ्या पांढऱ्या सिमेंटच्या काँक्रीटच्या आहेत, आणि आतल्या सळयाच नव्हे, तर बांधायची तारसुद्धा गॅल्व्हनाइज केलेली वापरली, कारण एक गंजाचा ओघळ आला की पांढऱ्या पाकळीचं कायमचं नुकसान. हे १९८६ मध्ये पूर्ण झालेलं काम. बांधायच्या तारेला कोण विचारतं? कुणीतरी विचारलं.

अर्धवट बांधलेली इमारत ही वेगळीच इमारत असते, हे मात्र पुस्तकं नीट सांगत नाहीत. बीजिंगच्या सीसीटीव्ही, म्हणजे चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या, इमारतीत दोन झुकलेले मनोरे वर हवेत एकमेकांना जोडायचे होते. जोडेपर्यंत ते स्वतंत्र उभे, स्वतंत्र हलणारे. एकावर ऊन, दुसऱ्यावर सावली असेल तर दोघांचं लोखंड वेगवेगळं फुगणार. म्हणून पहिले जोड पहाटे, दोन्हीकडचं तापमान सारखं असताना केले. तू निफाडची, तुला हे वेगळं सांगायला नको. डिसेंबरात द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते आणि दुपारी त्याच बागेत स्वेटर काढावा लागतो. ३० मीटरच्या पोलादी गर्डरला २० अंशांचा फरक पडला तर तो ७ मिलिमीटर वाढतो किंवा आखडतो. बोल्टच्या भोकाला दोन मिलिमीटरची सवलत असते. दुपारी केलेलं माप घेऊन पहाटे बोल्ट बसवायला गेलो तर काय होतं, ते मी सिन्नरच्या एका शेडवर अनुभवलंय.

तुझ्या कामालाही हेच लागू. वरचा ताणाचा बीम भरून तयार होईपर्यंत ते कॉलम कुणाच्या जिवावर झुकलेले राहणार? टेकूंच्या. ते टेकू कुठल्या जमिनीवर उभे? नाशिकभोवती एका कोपऱ्यात दोन मीटरवर मुरूम किंवा कातळ लागतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात काळी माती संपत नाही. पावसात काळी माती टेकूखालून कशी सरकते, ते तुला गावी पाहायला मिळालं असेल.

टेकूंवरून आठवलं. मघाच्या त्या वायनरीच्या दारावर साडेतीन मीटर पुढे येणारा छज्जा होता. ड्रॉईंग माझं, तपासणी माझी, सगळं बरोबर. टेकू काढायच्या दिवशी मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, टेकू आधी कुठले काढू? भिंतीकडले का टोकाकडले?’ ड्रॉईंगवर मी क्रम लिहिलाच नव्हता. दोन्ही टोकांना आधार असलेल्या स्लॅबचे टेकू मधून सुरू करून आधारांकडे काढत जायचे. पुढे आलेल्या छज्जाचे मात्र मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. उलट केलं तर छज्जा काही काळ टोकाच्या टेकूवर टेकलेल्या साध्या स्लॅबसारखा वागतो, ताण खालच्या बाजूला येतो, आणि खाली पुरेशी सळई नसते. तो मिस्त्री सातवी शिकलेला. त्याला विचारायची लाज वाटली नाही म्हणून माझी लाज वाचली.

न विचारल्याची मोठी किंमत कुठे मोजली गेली, याची दोन उदाहरणं माझ्या ऑफिसात प्रत्येकाला पाठ करावी लागतात.

पहिलं कॅन्सस सिटीचं हॉटेल. लॉबीत वरच्या आणि खालच्या मजल्याचे दोन पूल एकाखाली एक, एकाच लांब दांडीवर टांगायचे होते. एवढ्या लांब दांडीला आटे पाडणं अवघड, म्हणून कामाच्या ओघात दोन दांड्या केल्या. वरचा पूल छताला टांगला, खालचा पूल वरच्या पुलाला. दिसायला किरकोळ बदल. विहिरीत सोडलेल्या दोराला दोघे जण वर-खाली लटकले तर दोघेही आपापलं वजन दोराला देतात. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर वरच्याच्या हातावर दोघांचं वजन. तसंच झालं, वरच्या पुलाखालच्या नटवरचा भार दुप्पट झाला. बदलाला मान्यता मिळाली, जोडाचा हिशेब कुणी केलाच नाही. १७ जुलै १९८१ ला पूल कोसळले, ११४ माणसं गेली.

दुसरं न्यूयॉर्कचं सिटीकॉर्प सेंटर, ५९ मजली, १९७७ मध्ये पूर्ण झालेलं. जागेच्या एका कोपऱ्यात चर्च होतं, म्हणून मुख्य खांब कोपऱ्यांवर न घेता चारही बाजूंच्या मधोमध घेतले, नऊ मजले उंच. त्याच्या पुढच्या वर्षी प्रिन्स्टनमध्ये शिकणारी डायन हार्टले प्रबंधासाठी त्याचा अभ्यास करत होती. वारा कोपऱ्याच्या दिशेने, तिरका आला तर सांगाड्याच्या काही भागांमधलं बल वाढतं, असं तिच्या हिशेबात आलं. तिने इंजिनिअरच्या कार्यालयात विचारलं. सगळं ठीक आहे असं उत्तर मिळालं आणि तिने ते मानलं. त्याच सुमारास एका विद्यार्थ्याच्या विचारण्यावरून लमेझुरिए यांनी, म्हणजे मूळ स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी, पुन्हा हिशेब मांडला. तिरक्या वाऱ्यात काही तिरक्या बांधण्यांमधलं बल ४० टक्क्यांनी वाढत होतं, आणि वेल्डिंगऐवजी बोल्टचे जोड वापरलेले होते. मग कित्येक रात्री, कार्यालयं बंद झाल्यावर, जोडांवर दोन इंची जाड प्लेटा वेल्ड केल्या. बाहेरच्या जगाला ही गोष्ट १९९५ मध्ये कळली, आणि हार्टलेला स्वतःच्या प्रश्नाचं वजन त्यानंतर.

आपल्या कोडमध्ये नाशिकला वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात. आकडा ठरलेला आहे, पण वारा कुठल्या दिशेने आणून बघायचा हे कोड तुझ्या वतीने ठरवत नाही. इमारत चौकोनी नसेल तर दहा-दहा अंशांनी फिरवून बघ.

हे सगळं वाचून अजून धास्तावली असशील, म्हणून लाजेबद्दल लिहितो. आता वजनाच्या वाटेवरून ‘लाजेचा लोड-पाथ’ वगैरे उपमा देणार नाही, ती मी एकदा एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दिली होती आणि मुलांनी टाळ्या वाजवून मला खाली बसवलं होतं.

लाज टिकते कशी ते पाहा. बोलायची वेळ आली की छाती धडधडते. आपण गप्प बसतो, धडधड लगेच थांबते, बरं वाटतं. त्या बरं वाटण्यातून मन शिकतं की गप्प बसणं हाच उपाय. पुढच्या वेळी धडधड आधीच सुरू होते. म्हणून मानसोपचारात सुद्धा पायरी-पायरीने सामोरं जायला लावतात : आधी सोपा प्रसंग, त्यात धडधड ओसरेपर्यंत थांबायचं, मग जरा अवघड. लाजाळूच्या झाडालाही एकच निरुपद्रवी धक्का पुन्हा पुन्हा दिला की ते पानं मिटणं कमी करतं म्हणे, आपण तर माणसं. झोप उडणं, मळमळणं, साईटवर जायच्या विचाराने आदल्या दिवसापासून घाम फुटणं असं होत असेल तर मात्र ते नुसतं लाजणं नाही. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, त्यावर चांगले उपचार आहेत. पाठदुखीला डॉक्टर गाठतोच ना.

माझी पहिली पायरी होती बारबेंडर. सकाळी साडेआठला, इंजिनिअर मंडळी यायच्या आधी, मी लोखंड वाकवणाऱ्यांच्या पाटाशी जाऊन बसायचो. त्यांना काहीही विचारलं तरी हसत नाहीत, कारण त्यांना कधी कुणी विचारतच नाही. ‘ही रिंग अशी का वाकवता?’ इथपासून सुरू केलं. सहा महिन्यांत मला जे कळलं ते पदवीत कळलं नव्हतं, आणि मीटिंगमध्ये मी बोलू लागलो ते त्यांच्या माहितीच्या जोरावर. दुसरी पायरी वसंत व्याख्यानमाला. मे महिन्यात गोदाघाटावर व्याख्यान संपलं की खाली उतरणाऱ्या वक्त्याला गाठून एक प्रश्न विचारायचा, रोज एक, असा नेम मी एका वर्षी केला. पहिल्या तीन दिवसांत वक्ता जवळ आल्यावर मी चपला शोधत असल्याचं नाटक केलं. चौथ्या दिवशी चपला खरंच सापडेनात, तेव्हा वक्त्यालाच विचारलं. तोही प्रश्नच, असं धरून मी पुढे गेलो.

मीटिंगसाठी माझा साधा नियम आहे : पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोलायचंच, मग ते ‘ही ड्रॉईंग कुठल्या तारखेची?’ इतकं साधं का असेना. जितका उशीर, तितकं ओठांना कुलूप घट्ट. प्रश्न डायरीत पूर्ण वाक्यात लिहून ने, नुसते मुद्दे नकोत. आवाज फुटेना तर वाचून दाखव. वाचून दाखवलेल्या प्रश्नाला कुणी हसत नाही, उलट वाटतं पोरगी तयारीने आलीय. आणि मराठीत बोल. आपल्याकडच्या निम्म्या मुलांचं गप्प बसणं हे इंग्रजीचं भय असतं. आर्किटेक्ट, कंत्राटदार, मालक, फिटर, सगळे मराठी बोलणारे, आणि मीटिंग मात्र मोडक्या इंग्रजीत. पेन्सिल हातात घे, कागदावर कॉलम तिरका काढ, बाण काढ, ‘हा रेटा कुठे जातो?’ एवढंच विचार. लोकांच्या नजरा तुझ्या तोंडावरून कागदावर जातात, आणि धडधड तिथेच निम्मी होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. साईटवर मुलगी म्हणून तुझं बोलणं मध्येच तोडलं जात असेल, किंवा तुझंच वाक्य दुसऱ्याने म्हटल्यावर माना डोलत असतील, तर तो तुझ्या स्वभावाचा दोष नाही आणि स्वभाव बदलून तो सुटणारही नाही. त्यावर उपाय कागदाचा. प्रश्न मीटिंगच्या आधी मेलवर पाठव, ड्रॉईंग नंबर, ग्रिड आणि आकड्यासह. मग तो प्रश्न कुणाचा होता यावर वाद उरत नाही.

एखाद्या रविवारी सिन्नरला गोंदेश्वराला जा. मंडपात उभी राहून वर बघ : दगडाचा एकेक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवत छत मिटवलंय. चुन्याच्या भरवशावर नाही, मागच्या दगडाच्या वजनाच्या भरवशावर. येताना पांडवलेणीही कर. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीच्या दर्शनी बाजूला, खालच्या अंगाला, तुळया खांद्यावर घेतलेले गण कोरलेत. लेणं अख्ख्या कातळातलं, उचलायला खरं तर काहीच नाही, तरी कोरणाऱ्याला वजन खाली येताना दाखवावंसं वाटलं. तिथे मी ऑफिसच्या मुलांना नेतो आणि प्रत्येकाला मोठ्याने सांगायला लावतो की वजन कुठून कुठे जातंय. पहिल्या खेपेला सगळे पुटपुटतात. गुहेत आवाज घुमतो म्हणून लाजतात, मग त्याच घुमण्याची मजा वाटायला लागते.

राहता राहिले तुझे सर. उद्या मीटिंगची वाट बघू नकोस. सकाळी ते चहा घेत असतील तेव्हा दोन प्रिंट घेऊन टेबलाशी जा, एक रिजिड डायफ्रामची, एक सेमी-रिजिडची, बीमच्या अक्षीय बलाची. म्हण, ‘सर, या दोन आकड्यांत फरक का येतोय ते मला समजून घ्यायचंय. हाताने केलेला हिशेब दुसऱ्याशी जुळतोय.’ एवढ्या दोन वाक्यांवर थांब. पुढचं ते बोलतील. बहुधा कपाळाला हात लावतील, पण तो स्वतःच्या.

त्यांनी ऐकून घेतलं की लगेच हेही विचारून टाक : तिरक्या कॉलमचे टेकू कधी आणि कुठल्या क्रमाने काढायचे, ते कुठल्या ड्रॉईंगवर लिहिलंय?